थेंबभर रक्त, वहीतला आकडा

पूर्वी घरी लघवीतली साखर तपासत. पण रक्तात साखर बरीच वाढल्यावरच ती लघवीत उतरते; साखर उतरून घाम फुटला, भोवळ आली, तरी लघवीवरून कळत नसे.

१९६९ साली अमेरिकेतले मधुमेही इंजिनिअर रिचर्ड बर्नस्टीन यांना रक्त तपासायचं यंत्र हवं होतं. ते फक्त डॉक्टरांना मिळे. पत्नी डॉक्टर, म्हणून तिच्या नावावर मागवलं. रोज अनेकदा तपासून, कशानं साखर चढते-उतरते ते त्यांनी हेरलं. वैद्यकीय मासिकांनी लेख नाकारला, तेव्हा ते स्वतःच शिकून डॉक्टर झाले.

आज ते यंत्र मुठीत मावतं. बोट टोचायला आपण घाबरतोच. तरी तपासू, आकडा-वेळ वहीत लिहू आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवू.