क्रमांक तोच, मालक वेगळा

सेनगाव तालुक्यातल्या दोन गावांत गट क्रमांक 12 असू शकतो, आणि त्यांचे मालक अर्थातच वेगळे. म्हणून सातबाऱ्यावर क्रमांकाजवळ गाव, तालुका, जिल्हा लिहावा लागतो. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा इथल्या जिल्ह्याचे नाव बदलले, शेते जागची हलली नाहीत. संगणकातल्या फायलींच्या मालकीत मात्र गावाचे नाव लिहायचेच राहून गेले. ते कसे, हे आपण पाहू.

1971 मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सची पहिली आवृत्ती तयार झाली. यंत्राची स्मृती तुटपुंजी, त्यामुळे प्रत्येक फायलीच्या नोंदीत मालकासाठी एकच बाइट ठेवली: 0 ते 255. नावे वेगळ्या यादीत. फायलींची यादी मागितली की यंत्र क्रमांक वाचते, त्या यादीत शोधते आणि आपल्याला नाव दाखवते. खोलीभर माणसांच्या एका यंत्राला एवढे पुरेसे होते. 1979 च्या सातव्या आवृत्तीत दोन बाइट झाल्या. 1991 मध्ये आलेल्या लिनक्सने तेच घेतले, आणि जानेवारी 2001 च्या 2.4 आवृत्तीत चार बाइट आल्या, म्हणजे सुमारे 429 कोटी क्रमांक. आकडा वाढला, गाव काही आले नाही.

समजा, सेनगावच्या एका शाळेत लिनक्सचे दोन संगणक आहेत. डेबियन पहिल्या वापरकर्त्याला 1000 क्रमांक देते. फेडोरा पूर्वी 500 देत असे, 2011 पासून तेही 1000 देते. म्हणजे दोन्ही यंत्रांवरचे पहिले शिक्षक 1000! एकाची डिस्क काढून दुसऱ्यात बसवली, की गुणपत्रकाची फाइल दुसऱ्याच शिक्षकांच्या मालकीची दिसते. ते तिच्यात बदलही करू शकतात. कुलूप कोणी फोडलेले नसते. (पेन ड्राइव्हवर हे सहसा दिसत नाही, कारण तिथल्या फॅट पद्धतीत मालकाची नोंदच नसते.)

1980 च्या दशकात सन कंपनीच्या एनएफएसमुळे एका यंत्राच्या फायली दुसऱ्यावरून उघडता येऊ लागल्या आणि अडचण चव्हाट्यावर आली. समोरचे यंत्र सांगेल तो क्रमांक खरा मानायचा, असा भाबडा कारभार! उपाय म्हणून सनने सर्व यंत्रांसाठी एकच सामाईक यादी काढली, ‘यलो पेजेस’. ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचे निघाल्याने बदलावे लागले. टार गाठोड्याच्या 1988 च्या प्रमाणित रचनेत क्रमांकासोबत नावही ठेवले गेले. आम्हाला हा उपाय अधिक शहाणपणाचा वाटतो. एकच क्रमांक सगळीकडे एका अर्थाचा राहिला, तो शून्य: सर्वाधिकारी ‘रूट’.

वर्गात हे दाखवायला एक जादा खाते उघडा, त्यातून एक फाइल तयार करा आणि फाइल राखून खाते काढून टाका. यादीत मालकाच्या नावाच्या जागी नुसता 1003 वगैरे आकडा उरलेला दिसेल.