आदिवासी आरोग्य-संशोधनातील नीती

आदिवासी वस्त्यांत आरोग्यपाहणी, रक्ततपासणी किंवा औषध-लशींच्या चाचण्या करताना संशोधकावर येणारी बंधने. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांची नोंद विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून आहे. त्यांच्याबाबत ही बंधने अधिक कडक असायला हवीत.

सगळ्यात नाजूक बाब संमतीची. कोकणातला कातकरी उचल घेऊन वीटभट्टीवर जातो. त्याला तिथेच गाठून मालकाच्या देखत अंगठा घेतला, तर कागदावरच्या त्या निळ्या ठशाला संमती म्हणता येणार नाही. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असेल, तरच ‘हो’ला अर्थ असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात. गावाच्या प्रमुखाने होकार दिला तरी प्रत्येकाची स्वतंत्र संमती लागते, आणि निरक्षराचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो.

ही मोकळीक कशी हिरावली जाते, ते गडचिरोलीच्या शेजारच्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशात दिसले. 2009 मध्ये खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प झाला. लस घेणाऱ्यांत आदिवासी वसतिगृहांतल्या अनेक मुली होत्या. संसदीय स्थायी समितीच्या 2013 च्या अहवालानुसार 9,543 संमतिपत्रांपैकी 2,763 वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, तर 1,948 वर अंगठे. लस घेतलेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. तरीही आईबापांना न विचारता सुई टोचली, हा दोष उरतोच.

दुसरी वाट गडचिरोलीतच सापडते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. घरोघरी नवजात बालसेवेच्या त्यांच्या प्रयोगात 39 गावांतल्या प्रशिक्षित आरोग्यदूत बाळाला तपासत, ऊब देत, जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शनही देत. तुलनेच्या 47 गावांत नेहमीची सरकारी सेवाच चालू होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्क्यांनी घटला; 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. बाळे वाचवणारा उपाय शेजारच्या गावाला किती काळ द्यायचा नाही, ही टोचणी खरीच आहे. पण त्या तुलनेमुळेच पुरावा उभा राहिला, आणि 2011 पासून ‘आशा’ ताईंमार्फत ही सेवा देशभर गेली. म्हणून हा प्रयोग समर्थनीय ठरतो.

रक्ताचा नमुना एका कामासाठी घेऊन दुसऱ्याच कामाला वापरणे हाही विश्वासघात. अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. ते इतर संशोधनाला वापरले गेले. दाव्यानंतर 2010 मध्ये अॅरिझोना विद्यापीठांच्या मंडळाने भरपाई दिली आणि उरलेले नमुने जमातीला परत केले.

आपल्याकडे विश्वासाचा असाच प्रश्न सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीत रोज उभा राहतो. मुलगी वाहक असल्याचे चारचौघांत कळले, तर तिचे लग्न अडते. निकाल तिला तिच्या घरी, तिच्या बोलीत, एकटीलाच सांगायचा असतो.