मोहोरबंद खलिता : प्रोसेसरचा मायक्रोकोड आणि लिनक्सच्या दीर्घकालीन आवृत्त्या

१/
११ जानेवारी २०१८ रोजी उबुंटू या लिनक्स-वितरणाने आपल्या १४.०४ आणि १६.०४ या दीर्घकालीन आवृत्त्यांसाठी एक छोटेसे पॅकेज पाठवले. सुरक्षेसाठी, तातडीचे. २२ जानेवारीला तेच मागे घेतले गेले आणि त्याच्या जागी २०१७ची जुनी प्रत पुन्हा आली. संरक्षणासाठी धाडलेली वस्तू अकरा दिवसांत माघारी का बोलवावी लागली? हे समजून घ्यायचे तर, मित्रहो, १९५१पर्यंत मागे जावे लागते.

२/
त्या वर्षीच्या जुलैत मँचेस्टर विद्यापीठातील एका परिषदेत केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी एक कल्पना मांडली. संगणकाची प्रत्येक आज्ञा राबवण्यासाठी तारांचे वेगळे जाळे विणण्याऐवजी ती आज्ञा आणखी बारीक पायऱ्यांत फोडावी आणि त्या पायऱ्या यंत्राच्या आत एका लहानशा स्मृतीत लिहून ठेवाव्यात. यंत्राच्या आतला हा कार्यक्रम म्हणजेच मायक्रोकोड. १९५८ साली केंब्रिजचा एडसॅक-२ या तत्त्वावर चालू लागला. १९६४मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टिम/३६०च्या बहुतेक मॉडेलांनी तेच तत्त्व स्वीकारले.

३/
लिहिलेले असेल तर ते सुधारताही यावे, ही पुढची स्वाभाविक अपेक्षा. सिस्टिम/३७०च्या काळात आयबीएमला ग्राहकाच्या यंत्रात मायक्रोकोड भरण्यासाठी स्वस्त आणि टपालाने पाठवता येईल असे साधन हवे होते. त्यातून १९७१ साली ८ इंची फ्लॉपी डिस्क जन्मली. तिची क्षमता सुमारे ८० किलोबाइट होती आणि ती केवळ वाचता येत असे. आपल्या आईवडिलांच्या पिढीने ज्या फ्लॉपीवर पत्रे आणि खेळ साठवले, तिचे मूळ प्रयोजन मायक्रोकोडची ने-आण हे होते!

४/
वैयक्तिक संगणकाच्या प्रोसेसरला मात्र ही सोय नव्हती. १९९४मध्ये अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेंटियमचा भागाकार काही विशिष्ट संख्यांसाठी चुकतो असे आढळले. सिलिकॉनमध्ये कोरलेली चूक खोडणार कशी? अखेर इंटेलला प्रोसेसर बदलून द्यावे लागले आणि ४७.५ कोटी डॉलरचा बोजा सोसावा लागला. पुढच्याच वर्षी आलेल्या पेंटियम प्रोमध्ये मायक्रोकोडवर ठिगळ लावण्याची सोय होती.

५/
या ठिगळाचे दोन गुणधर्म पुढच्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहेत.

पहिला असा, की ते टिकत नाही. वीज गेली की प्रोसेसर ते विसरतो, त्यामुळे संगणक सुरू होताना प्रत्येक वेळी ते नव्याने भरावे लागते. हे काम मुळात मदरबोर्डवरील बायॉसचे. परंतु मदरबोर्ड तयार करणाऱ्या कंपन्या काही वर्षांनी जुन्या मॉडेलांकडे पाठ फिरवतात आणि मग ती जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमवर येते. लिनक्समध्ये त्यासाठीचा ड्रायव्हर २०००च्या सुमारास आला.

दुसरा असा, की ते सांकेतिक लिपीत बंद केलेले आणि उत्पादकाची मुद्रा असलेले असते. प्रोसेसर मुद्रा ओळखतो आणि मजकूर स्वीकारतो. मधल्या कोणालाही तो वाचता येत नाही. मोहोरबंद खलिता नेणाऱ्या जासुदासारखी लिनक्स-वितरणांची स्थिती आहे.

६/
आता दीर्घकालीन आवृत्ती म्हणजे काय, ते पाहू. उबुंटूची अशी पहिली आवृत्ती २००६ची, ६.०६. तिच्या सर्व्हरसाठी पाच वर्षांच्या देखभालीची हमी होती. रेड हॅटची हमी दहा वर्षांपर्यंत जाते. डेबियनच्या ‘स्थिर’ शाखेचा बाणाही तोच. नव्या सोयी आणायच्या नाहीत. दोष सापडला तर नव्या मूळ संहितेतील नेमक्या तेवढ्याच ओळी वेचून जुन्या प्रतीत बसवायच्या. कारखाना, बँक, रुग्णालय यांना हवी असते ती हीच अचलता.

मायक्रोकोडच्या बाबतीत ही सारी शिस्त निरुपयोगी ठरते. वेचायला ओळीच दिसत नाहीत. खलिता घ्यायचा तर अख्खा, नाकारायचा तर अख्खा.

७/
२०१४मध्ये याची चुणूक दिसली. इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरमधील टीएसएक्स नावाच्या आज्ञासमूहात दोष निघाला आणि नव्या मायक्रोकोडने तो समूहच बंद करून टाकला. हे ठिगळ चालू संगणकावर लावले, तर क्षणापूर्वी उपलब्ध असलेल्या आज्ञा नाहीशा होत आणि त्या वापरणारे कार्यक्रम जागीच कोसळत. म्हणजे खलिता कर्नल जागा होताहोताच पोचायला हवा. तशी सोय लिनक्सच्या ३.९ कर्नलमध्ये २०१३ साली आली होती. पण उबुंटू १२.०४ आणि डेबियन ७ या तेव्हाच्या दीर्घायुषी आवृत्त्या ३.२ कर्नलवर उभ्या होत्या.

८/
त्यानंतरची स्कायलेकची कथा मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते.

एप्रिल २०१६. ओकॅमल या संगणकभाषेचे एक जनक, फ्रान्समधील झाव्हिए लरवा, यांच्याकडे एका औद्योगिक वापरकर्त्याची तक्रार आली. त्यांचा कार्यक्रम अधूनमधून, कधी इथे तर कधी तिथे कोसळत होता आणि तोही फक्त नव्या स्कायलेक यंत्रांवर. लरवांनी प्रथम सदोष मेमरीवर संशय घेतला. मग त्यांनी हायपर-थ्रेडिंग बंद करून पाहायला सांगितले आणि कोसळणे थांबले. प्रोसेसर चुकतो असे म्हणायला धाडस लागते. प्रोग्रामर शंभरदा स्वतःची चूक शोधतो. २०१७च्या आरंभी आणखी काही जणांना तोच अनुभव आला. दोष पुन्हापुन्हा घडवून दाखवता येऊ लागला आणि इंटेलला कळवण्यात आले.

उकल कुठून आली? मे २०१७मध्ये डेबियनच्या मायक्रोकोड-पॅकेजच्या बदल-नोंदीतून! ते पॅकेज सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने नव्या मायक्रोकोडचा इंटेलच्या दोषसूचीशी मेळ घातला आणि या ठिगळाने स्कायलेकचा एक भयंकर दोष बहुधा दूर होतो, असा अंदाज त्या नोंदीत लिहून ठेवला. औषध बाजारात आले होते. कोणत्या रोगावरचे, हे कोणी सांगितले नव्हते. २५ जूनला डेबियनने आपल्या वापरकर्त्यांना जाहीर इशारा दिला. डेबियन ९ला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

९/
आता पुन्हा जानेवारी २०१८. ३ तारखेला मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जगजाहीर झाले. स्पेक्टरच्या एका प्रकारावरील उपायाला नवा मायक्रोकोड हवा होता. तो घाईने आला, घाईने वाटला गेला आणि हॅसवेल व ब्रॉडवेल यंत्रे आपोआप रीबूट होऊ लागली. रेड हॅटने आपले पॅकेज आधीच मागे घेतले होते. २२ जानेवारीला खुद्द इंटेलने वाटप थांबवायला सांगितले आणि उबुंटूने जुनी प्रत परत बसवली. स्थिर यंत्र की सुरक्षित यंत्र, यांतले एकच निवडायचे होते. माझ्या मते निर्णय योग्यच होता. परंतु मूळ घाईचा दोष वितरणांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

१०/
त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वेगळेच संकट आले, कायद्याच्या भाषेतले. एल१टीएफ या दोषावरील मायक्रोकोडबरोबर इंटेलने नवा परवाना जोडला आणि त्यात वेगमापनाचे निकाल प्रसिद्ध करण्यास मनाई करणारे कलम होते. डेबियनने ते पॅकेज अडवून धरले. बाहेर गदारोळ झाला आणि काही दिवसांतच इंटेलने परवाना बदलला. तोवर डेबियनच्या वापरकर्त्यांचा उपाय एका परिच्छेदापायी खोळंबला होता.

११/
पुढे जून २०२०मध्ये नव्या मायक्रोकोडने काही स्कायलेक यंत्रे सुरू होतानाच अडकू लागली. उबुंटूने तेवढ्या प्रोसेसरांपुरता तो लगेच मागे घेतला. अख्खे पॅकेज न खेचता एकाच प्रोसेसरची फाइल काढून घेणे, ही २०१८ची शिकवण म्हणता येईल. जुलै २०२३मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी यांनी एएमडीच्या झेन-२मधील झेनब्लीड दोष उघड केला, तेव्हा एएमडीचा मायक्रोकोड आधी सर्व्हरच्या प्रोसेसरांनाच मिळाला. उरलेल्यांसाठी लिनक्स कर्नलने प्रोसेसरमधील एक बिट पालटून तात्पुरता बंदोबस्त केला. खलित्याची वाट न पाहता वेशीवरच अडसर घालावा, तसा.

१२/
डेबियनपुढे आणखी एक पेच होता, तत्त्वाचा. ज्याची मूळ संहिता दिसत नाही ते मुक्त नव्हे, म्हणून मायक्रोकोड मुख्य संग्रहाबाहेर राहत असे आणि नवख्या वापरकर्त्याच्या यंत्रात आपोआप पोचत नसे. २०२२ साली सदस्यांनी मतदान करून अशा फर्मवेअरला अधिकृत इन्स्टॉलरमध्ये जागा दिली. १० जून २०२३ रोजी डेबियन १२ प्रकाशित झाली, तेव्हा इंटेल आणि एएमडी दोहोंची मायक्रोकोड-पॅकेजे फर्मवेअरसाठी नव्याने काढलेल्या स्वतंत्र विभागात होती.