एकच दार

बास्केटबॉलवर मी लिहिते आहे हे वाचून माझे जुने विद्यार्थी हसतील. आमच्या शाळेचं मैदान खो-खो आणि लंगडीपुरतंच होतं. पण मार्च २०२४ मध्ये मी लेकीकडे होते, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅले शहराजवळ. नातू तिथल्याच नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात शिकत होता. तिकडे सगळे त्याला 'एन. सी. स्टेट' म्हणतात. त्या आठवड्यात स्वारी टीव्हीपुढून हलायला तयार नव्हती. "आजी, आज हरलो की संपलं," एवढंच त्याने मला समजावलं होतं.

प्रकार असा. तिकडे विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. हिवाळाभर गटातले संघ एकमेकांशी खेळतात. हंगाम संपला की मार्चमध्ये गटाची बाद पद्धतीची स्पर्धा होते आणि तिच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. एन. सी. स्टेटचा गट अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी. त्या वर्षी पंधरा संघांत यांचा नंबर दहावा आणि आधीचे सलग चार सामने हरलेले! तरी पाच दिवसांत पाच सामने जिंकले. व्हर्जिनियाविरुद्ध तर शेवटच्या क्षणी बरोबरी साधून जादा वेळेत बाजी मारली. १६ मार्चला अंतिम सामन्यात शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला ८४-७६ असं हरवलं. १९८७ नंतर प्रथमच हे विजेतेपद मिळालं होतं. मुलं शिडीवर चढून बास्केटची जाळी कापत होती आणि आमचा नातू सोफ्यावर उड्या मारत होता.

मला मात्र शिक्षकी प्रश्न पडला. वर्षभर जे नीट खेळले त्यांचं काय?

मग तिथल्या वाचनालयात बसून थोडं वाचलं. आधीच्या सदर्न कॉन्फरन्समधून सात विद्यापीठं बाहेर पडली आणि १९५३ साली एसीसी स्थापन झाली. वर्षअखेरीस व्हर्जिनिया आठवं आलं. पहिली स्पर्धा १९५४ मध्ये रॅलेलाच, रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये भरली. एन. सी. स्टेटने वेक फॉरेस्टला जादा वेळेत ८२-८० असं हरवलं. त्यांचे प्रशिक्षक होते एव्हरेट केस. जाळी कापण्याची प्रथा त्यांनीच रुजवली असं मानतात.

त्या काळी बहुतेक कॉन्फरन्समध्ये हंगामात पहिला येणारा संघच विजेता ठरे. एसीसीने मात्र जुन्या गटाची रीत चालू ठेवली, स्पर्धा जिंकेल तो विजेता. आणि राष्ट्रीय स्पर्धेत एका गटातून एकच संघ जाई. म्हणजे सगळा हिवाळा एकीकडे आणि मार्चमधले तीन दिवस एकीकडे. १९७० साली साऊथ कॅरोलायनाने गटातले चौदाच्या चौदा सामने जिंकले, पण स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोनदा जादा वेळ खेळून ४२-३९ असे हरले आणि घरी बसले. पुढच्याच वर्षी त्यांनी तो गटच सोडला.

पण मला चटका लावून गेला तो ९ मार्च १९७४ चा, ग्रीन्सबरो शहरातला सामना. एन. सी. स्टेट देशात पहिल्या क्रमांकावर, समोरचा मेरीलँड चौथ्या. एकीकडे डेव्हिड थॉम्प्सन, सात फुटांहून उंच टॉम बर्लसन आणि जेमतेम पाच फूट सात इंचांचा मॉंटी टो. दुसरीकडे टॉम मॅकमिलन, लेन एल्मोर, जॉन लुकस. मध्यंतराला मेरीलँड पाच गुणांनी पुढे होतं. वेळ संपली तेव्हा ९७-९७. जादा वेळेत एन. सी. स्टेट १०३-१०० ने जिंकलं. एकट्या बर्लसनचे ३८ गुण होते. पुढे त्याच ग्रीन्सबरोच्या सभागृहात एन. सी. स्टेटने, सलग सात वर्षं अजिंक्य असलेल्या यूसीएलएला उपांत्य सामन्यात नमवलं आणि नंतर राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. मेरीलँड मात्र घरीच. न्यूयॉर्कच्या दुसऱ्या एका स्पर्धेचं बोलावणं आलं, तेही त्यांनी नाकारलं. त्यांचे प्रशिक्षक लेफ्टी ड्रिझेल हरल्यावर एन. सी. स्टेटच्या बसमध्ये चढले आणि मुलांचं अभिनंदन करून उतरले, असं सांगतात.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिले. मार्च १९७४... मी तेव्हा तेवीस वर्षांची, शाळेत नुकती लागलेली, आणि अकरावीच्या मुलांची मॅट्रिकची परीक्षा चालू होती. वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा गणिताच्या पेपरला तापाने फणफणलेला आला आणि अर्धा पेपर कोरा देऊन गेला. त्या एका विषयात तो नापास झाला. निकालानंतर मला भेटायला आला तेव्हा मी काय बोलले? "नियम सगळ्यांना सारखा असतो, बाळ." ऑक्टोबरला पुन्हा बसता येत होतं, पण मी त्याच्या घरी जाऊन वडिलांना समजावलं नाही. त्यांनी त्याला दुकानात बसवलं. नियम सारखा होता, हे खरंच. पण दारात उभं राहून एवढंच सांगायला शिक्षक कशाला हवा?

१९७५ पासून राष्ट्रीय स्पर्धेतले संघ २५ चे ३२ झाले आणि एका गटातून दुसरा संघही घेता येऊ लागला. हे त्या एका सामन्यामुळेच झालं असं म्हणणं फार सोपं होईल, कारण असे अन्याय आधीही घडले होते. पण त्या सामन्यानंतर जुन्या नियमाची बाजू घेणं कठीण झालं असणार. १९७५ मध्ये मेरीलँड त्या नव्या दारातून आत गेलं.

मला भावलं ते हे, की त्यांनी स्पर्धा बंद केली नाही. ती बंद केली असती तर २०२४ मध्ये दहाव्या नंबरची ती मुलं कुणाला दिसली असती? पुढे ती राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या चारांत पोचली! उशिरा उमलणाऱ्याला एक मोठा दिवस हवा असतो. आणि वर्षभर राबणाऱ्याला त्या एका दिवसापासून थोडं संरक्षण हवं असतं. दोन दारं हवीत, एवढंच.

असो. नातवाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजी, तो मुलगा आता कुठे असतो?" मला माहीत नाही. दुकान मात्र परवापरवापर्यंत होतं. तिथून जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडून जायची.