पूर्णगडची शेती आणि जमिनीचे कायदे

रत्नागिरीच्या दक्षिणेस मुचकुंदी नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें एका टेकडीच्या टोकावर पूर्णगड हा लहानसा दुर्ग उभा आहे. १८१८ सालीं मराठ्यांचें राज्य बुडालें, त्याबरोबर हाही इंग्रजांकडे गेला. किल्ल्यांचा इतिहास लिहिणारे आमच्याकडे पुष्कळ झाले. किल्ल्याच्या पायथ्याशीं असलेल्या शेतांचा इतिहास लिहिणारे फार थोडे. वास्तविक तट बांधणारे केव्हांच निघून गेले आणि शेताचे बांध घालणारे मागें राहिले. हल्लीं या किनाऱ्यावरील जमिनींस बंगल्यांसाठीं व लहान लहान भूखंडांसाठीं गिऱ्हाईक येऊं लागलें आहे. अशा वेळीं या शेतांचें रक्षण करण्यास आपल्या पूर्वजांनीं जे कायदे केले, ते कोणापासून रक्षण करण्यासाठीं केले, हें पाहणें अगत्याचें आहे.

या मुलखाची जमीन देशावरील जमिनीसारखी सलग नाहीं. वर जांभ्या दगडाचा कातळ, उतारावर वरकस आणि कलमांच्या बागा, खालीं दोन डोंगरांच्या बेचक्यांत भाताचे कुणगे, आणि खाडीच्या कडेस खाजण. भाताचें प्रत्येक खाचर माणसानें हातानें सपाट केलेलें आहे. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस या किनाऱ्यावर पडतो, आणि तो जवळजवळ सारा चार महिन्यांतच. हें पाणी उतारावरून थेट समुद्रास न जातां खाचरांत थबकतें, जमिनींत मुरतें आणि विहिरीस उन्हाळ्यापर्यंत साथ देतें. म्हणून भाताचें शेत हें धान्याचें कोठार तर खरेंच, पण तें गांवाचें पाणी राखण्याचेंही साधन आहे. त्यावर भराव घालून कुंपणाची भिंत घातली, कीं वरचा पऱ्या वाट चुकतो आणि खालची विहीर आधीं आटते.

आतां कायद्यांकडे वळूं. रत्नागिरी जिल्ह्यांत जमिनीचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या खोतांच्या हातीं होता. १८८० च्या खोती कायद्यानें त्यांच्या हक्कांस सरकारी मुद्रा मिळाली. कुळ राबे, आणि पिकाचा मोठा हिस्सा खोताच्या घरीं जाई. कुलाबा जिल्ह्यांत चरी येथील शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी कसण्याचें नाकारलें. १९३७ च्या सप्टेंबरांत डॉ. आंबेडकर यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें, आणि पुढल्या जानेवारींत कोंकणांतील शेतकऱ्यांचा मोर्चा त्या कायदेमंडळावर चालून गेला. या झगड्याचें फळ स्वराज्यांत मिळालें. १९४८ सालीं कुळकायदा झाला, १९४९ सालीं खोती रद्द करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या दिवशीं कसणारीं कुळें जमिनीचीं मालक मानलीं गेलीं.

याच कुळकायद्याच्या ६३ व्या कलमानें असें ठरविलें कीं, जो शेतकरी नाहीं त्यास जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून शेतजमीन विकतां येऊं नये. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानें ठराविक क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास मनाई केली. त्या काळीं भय होतें तें खोताचें, सावकाराचें आणि शहरांतील पैसेवाल्याचें. म्हणून कायद्यानें घेणाऱ्यास एकच प्रश्न विचारला: तूं कोण आहेस? ही जमीन काय काम करते, आणि ती गेली तर गांवाचें काय जाईल, हा प्रश्न त्यानें विचारला नाहीं. बिनशेती परवानगी होती खरी. पण तिचें मूळ १८७९ च्या जमीन महसुलाच्या कायद्यांत आहे, आणि तिचा स्वभावही महसुली राहिला. शेतसारा जाऊन बिनशेती आकार सुरू झाला, कीं दप्तराचें समाधान होतें.

पुढें काळ फिरला. ज्या कुळांस जमीन मिळाली, त्यांचीं मुलें मुंबईस गिरणींत गेलीं, नातवंडें तेथेंच वाढलीं. सातबाऱ्यावर नांवें वाढत गेलीं आणि खाचरांत उतरणारे पाय कमी झाले. आज घेणाऱ्याजवळ राज्यांत कोठलाही सातबारा असला, कीं ६३ व्या कलमाच्या लेखीं तो शेतकरीच. शब्दाचें पालन होतें आणि शेत मात्र जातें. कुळास मिळालेली जमीन विकण्यास पूर्वीं जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीनें दहा वर्षें लोटलीं असल्यास शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून ती विकण्याची मोकळीक दिली. कोंकणांतला शेतसारा तो केवढा! २०२३ सालीं तुकड्याची किमान मर्यादा जिरायतीस २० व बागायतीस १० गुंठे अशी खालीं आणली गेली. २०२५ सालीं तर वस्त्यांलगत आधींच पडलेले गुंठा-गुंठ्याचे तुकडे कायदेशीर करून घेण्याची घोषणा विधिमंडळांत झाली.

या सवलतींस निव्वळ लोभ म्हणून मोडीत काढणें न्यायाचें होणार नाहीं. गांवच्या मुलासही घर बांधावयाचें असतें. भाताच्या उत्पन्नावर संसार चालत नाहीं, हें जो पेरतो त्यास ठाऊक आहे. ज्याच्या आजानें खोताच्या दारीं धान्य मापून दिलें, त्यानेंच आतां साऱ्या गांवाच्या पाण्यासाठीं आपली जमीन पडक्या भावांत अडकवून ठेवावी, असें त्यास कोणत्या तोंडानें सांगावें?

दुसरा प्रश्न विचारणारे कायदे जगांत आहेत. आपल्याकडे तुकडेबंदी झाली त्याच १९४७ सालीं इंग्लंडनें असें ठरविलें कीं, जमीन कोणाचीही असो, तिच्यावर नवें बांधकाम करावयाचें तर नियोजन करणाऱ्या संस्थेची परवानगी हवी. जवळचें उदाहरण गोव्याचें. तेथें १९९१ च्या कायद्यानें कुळांस मिळालेल्या जमिनीचा शेतीवांचून अन्य उपयोग करण्यास बंदी केली, आणि २०२३ च्या कायद्यानें भातशेती बिगरशेतकऱ्यास विकण्यास मनाई केली. परंतु कायदा एकटा पुरत नाहीं हेंही गोव्यानेंच दाखविलें. तेथील प्रादेशिक आराखडा २००७ च्या आरंभीं मागें घ्यावा लागला, तो लोक रस्त्यावर उतरले म्हणून.

कोणी म्हणेल, घरें कातळावर बांधा. पण कातळही ओसाड नाहीं. रत्नागिरीच्या सड्यांवरील प्राचीन खोदचित्रें २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत आहेत. तेव्हां कोठें बांधावें आणि कोठें बांधूं नये, हें प्रत्येक गांवानें पाण्याच्या वाटा पाहून आधींच ठरविलें पाहिजे. आणि जो खाचर राखील त्यास तें राखण्याचा मोबदला साऱ्यांनीं मिळून दिला पाहिजे. १९५७ सालीं आपण कसणाऱ्यास मालकी दिली. ती योग्यच होती. पण मालकी देऊन आपलें काम संपलें असें आपण समजलों, आणि तेथेंच शेताचा पहारा सुटला.