पट्ट्याच्या आधीचा प्रश्न

मेलबर्नच्या पश्चिमेला राहत असाल, तर वेस्ट गेट पुलावरून कितीदा गेला असाल याची गणतीच नाही. आपली कितीतरी मुलं शिकता शिकता पुलापलीकडच्या गोदामांत रात्रपाळी करतात. ऑर्डर पिकरवर चढायचं, हार्नेसचा पट्टा अडकवायचा आणि वरच्या रॅकमधला माल काढायचा. या पट्ट्यामागे मोठा इतिहास आहे.

आधी सिडनीला जाऊ. हार्बर ब्रिज बांधणारे कामगार पट्ट्याशिवायच उघड्या पोलादावर उभे राहत. २३ ऑक्टोबर १९३० रोजी व्हिन्सेंट केली हा कामगार सुमारे ५० मीटरवरून पाण्यात पडला. बरगड्या मोडल्या, पण वाचला. त्याला सोन्याचं घड्याळ भेट मिळालं. सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. त्या पुलाच्या कामात वेगवेगळ्या अपघातांत १६ कामगार गेले.

आता आपल्या वेस्ट गेटकडे या. १५ ऑक्टोबर १९७० च्या दुपारी, पूल बांधत असताना त्याचा ११२ मीटरचा भाग कोसळला. ३५ कामगार गेले. काही त्या भागासोबत खाली आले, काही खालच्या शेडमध्ये चिरडले गेले. चौकशी आयोगाला आराखड्यात आणि बांधणीच्या पद्धतीत दोष आढळले. पायाखालचंच कोसळलं, तिथे कमरेचा पट्टा काय करणार?

व्हिक्टोरियात १९८५ साली नवा सुरक्षा कायदा आला. कामाची जागा सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी ठरली. कामगारांना आपला सुरक्षा प्रतिनिधी निवडता येऊ लागला, आणि तातडीचा धोका दिसला तर काम थांबवायला सांगण्याचा अधिकार त्याला मिळाला.

आज दोन मीटरहून जास्त उंचीवरून पडण्याचा धोका असेल, तर इथल्या नियमांनी क्रम घालून दिलाय. पहिला प्रश्न, हे काम जमिनीवरून होईल का? नाही, तर उभं राहायला भक्कम जागा आणि कठडा आहे का? पडणाऱ्याला अडवणारा पट्टा त्यानंतर येतो. म्हणून फोर्कलिफ्टवरच्या पॅलेटवर 'जरा चढ रे' असं कुणी म्हटलं, तर नाही म्हणायचं. नवीन आहोत, शिफ्ट जाईल, या भीतीने गप्प बसायचं नाही.

आज घरातून कुणी पाळीला निघालं, तर डबा देताना एवढं विचारा: "पट्टा तपासतोस ना? आणि तुमचा सुरक्षा प्रतिनिधी कोण आहे, माहीत आहे ना?"