ठकाला टाळ्या, आणि तिला?

ठकास महाठक भेटला की आपल्याला गंमत वाटते. या गमतीवर अर्न्स्ट लुबिश या दिग्दर्शकाने १९३२ साली हॉलिवूडमध्ये 'ट्रबल इन पॅरडाइज' हा चित्रपट केला. व्हेनिसच्या हॉटेलात बड्या घराण्यातले म्हणवणारे दोघे जेवायला बसतात. दोघेही तोतये, दोघेही चोर. जेवता जेवता तो तिची पिन लांबवतो, ती त्याचे घड्याळ. चोरी उघडी पडते आणि तिथेच प्रेम जमते. पुढे तो पॅरिसच्या एका श्रीमंत विधवेच्या तिजोरीवर डोळा ठेवून तिचा सेक्रेटरी होतो आणि तिच्यातही गुंततो. १९३४ मध्ये अमेरिकेत चित्रपटांची आचारसंहिता कडक झाली आणि हा हसरा चित्रपट कित्येक वर्षे अडगळीत पडला.

मराठीतला सर्वांत गाजलेला लग्नाळू ठक मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. नाटकाला आधार एका खऱ्या खटल्याचा. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे नावे बदलतो, वेश बदलतो, लग्ने करतो आणि दागिने-पैसे घेऊन पसार होतो. प्रभाकर पणशीकरांनी त्याची पाच रूपे साकारली. फिरत्या रंगमंचामुळे एक जागा जाऊन दुसरी झरकन समोर येई. पणशीकरांनी पुढे आत्मचरित्राला 'तोच मी' हे नाव दिले, इतका लखोबा त्यांना चिकटला.

प्रेक्षक लखोबाच्या हजरजबाबीपणावर खळखळून हसतात. पण अत्रे तेवढ्यावर थांबत नाहीत. फसवल्या गेलेल्या बायकांना ते साक्षीला उभे करतात. लुबिशच्या जोडीत फसवणारे दोघेही जाणते होते, म्हणून तो खेळ होता. इथे एकच जाणता. दुसरीने विश्वास टाकलेला. मग तो खेळ राहत नाही, लूट होते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सोयरीक जुळवताना चौकशी होतेच. पुसदच्या कुणब्याच्या घरी असो की दारव्ह्याच्या मुसलमानाच्या, प्रश्न तेच: मुलगा करतो काय, माणसे कशी आहेत? एवढे करूनही फसगत झाली तर बोट मुलीकडेच जाते. 'तुला कळलं कसं नाही?' ठकाला कोणी विचारत नाही, तुला लाज कशी वाटली नाही? म्हणून कित्येकजणी पोलिसांत जात नाहीत, माहेरीही तोंड उघडत नाहीत. ठकाचा धंदा चालतो तो या गप्प बसण्यावर.

आता जोडीदार मोबाइलवर शोधले जातात, फोटो आणि पगार तिथेच दिसतात. लखोबाला पाच पोशाख शिवावे लागले, आजच्या ठकाला तेवढाही खर्च नाही. अशा वेळी अत्र्यांच्या नाटकातल्या त्या बायका मला लखोबापेक्षा मोठ्या वाटतात. भरल्या कोर्टात, शेकडो प्रेक्षकांसमोर, त्या त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात, हाच तो.